खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

"ताई नमस्कार, मी कुडाळचा. पुण्यात एका कंपनीत सेल्सफोर्स या सीआरएमचा (गिऱ्हाईकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) ॲडमिन होतो, आईबाबांसाठी गावी आलो आणि आता स्वतःच सीआरएम कन्सल्टिंग करतो. तीन गिऱ्हाईकं आहेत. देवगडचे एक आंबा बागायतदार, ते थेट मुंबई-पुण्याला पेट्या विकतात. तारकर्लीचं एक होमस्टे आणि वेंगुर्ल्याचा एक काजू कारखाना. देवगडचं काम ४०,००० मध्ये ठरलं, झोहोचं सीआरएम सेटअप करून दिलं, अडीच महिने त्यातच गेले. अजून रात्री दहाला व्हॉट्सॲप येतात, हे बदल, ते वाढव. निम्मे पैसे बाकी आहेत. माणसं मात्र अजून वहीतच लिहितात, विचारलं की काका म्हणतात, 'माका ह्यातला काय एक कळणा नाय, तूच काय ता बघ.' लॉगिन माझ्याच जीमेलवर आहे कारण त्यांना ईमेल वगैरे जमत नाही. मित्र म्हणतो पैसे येईपर्यंत खातं लॉक करून ठेव. दुसरीकडे एक रिसेलर म्हणतोय की कारखान्याला मोठा प्लॅन घ्यायला लाव, कमिशन देतो. घेऊ का? की सरळ पुण्याला परत जाऊ?"

हे बघ, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू मधेच एका ओळीत सांगून पुढे गेलास. लॉगिन माझ्याच जीमेलवर आहे. पैसे, रात्रीचे मेसेज, कमिशन हे सगळं नंतर बोलू, आधी हे. त्या बागायतदाराचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, नावं, फोन, पत्ते, कोण किती पेट्या घेतं, कुणाचे पैसे राहिलेत, हे सगळं आज तुझ्या खाजगी ईमेलच्या आत आहे. जागेचा सातबारा गवंड्याच्या नावावर असावा तसं झालंय हे. उद्या तुझा फोन चोरीला गेला, तू आजारी पडलास, किंवा साधं तुमचं वाजलं, तर ऐन एप्रिलात त्या माणसाला स्वतःचीच गिऱ्हाईकं दिसणार नाहीत. तू वाईट माणूस नाहीस हे पत्रावरूनच कळतं, पण प्रश्न चांगल्या-वाईटाचा नाहीच, खातं त्यांचं आहे तर ते त्यांच्याच नावावर पाहिजे आणि विकायला तुझ्याकडे जे आहे ते म्हणजे तुझा वेळ आणि तुझं ज्ञान. या दोन्हीची सरमिसळ झाली की पुढचे सगळे घोळ तिथून सुरू होतात, तुझे तर झालेच आहेत.

म्हणून मित्राचं ऐकू नकोस. पैसे बाकी आहेत म्हणून खातं लॉक करणं हे कितीही राग आला तरी करायचं नाही. पैसे वसूल करायचे रस्ते वेगळे आहेत, ते पुढे सांगते. देवगड-मालवण-कुडाळ या पट्ट्यात बातमी एसटीच्या आधी पोचते, एकाचं खातं अडवलंस तर दुसरा तुला ऑफिसात बसूसुद्धा देणार नाही.

आता करायचं काय, तर फोनवर नाही, प्रत्यक्ष देवगडला जा. काकांसोबत त्यांचा मुलगा किंवा सून, जे कुणी रोजचा व्यवहार बघतं, त्यांनाही बसव. धंद्याच्या नावाने एक नवीन ईमेल काढ, कुणा भाच्याच्या पर्सनल जीमेलवर नको. रिकव्हरीचा नंबर काकांचा, टू-स्टेपचा कोड घरातल्या एका माणसाच्या फोनवर, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात. मग झोहोमधला सुपर ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेला मुख्य युजर, बदलून तो त्या ईमेलवर दे. पेड प्लॅन असेल तर कार्ड त्यांचं लाव, तुझं असेल तर आजच काढ. रिन्यूअलची तारीख बघून ठेव, ती मार्च ते मे मध्ये येत असेल तर पुढच्या वेळी पावसाळ्यात सरकव, नाहीतर पेमेंट अडकायचं ते नेमकं पेट्या निघायच्या आठवड्यात अडकतं. वेबसाईटचं डोमेन तुझ्या नावावर घेतलं असशील तर तेही त्यांच्या नावावर कर. तुझ्यासाठी वेगळा युजर बनव. झोहो सीआरएमचं फ्री व्हर्जन तीन युजरपर्यंत चालतं, त्यातला एक तू अडवून बसलास तर घरच्यांना दोनच उरतात, म्हणून हे काम संपलं की तुझा युजर बंद करायचा आणि गरज लागली की त्यांनी परत चालू करायचा. तारकर्ली आणि वेंगुर्ल्यालाही हेच तपास, मला शंका आहे तिथेही असंच असणार.

आता माणसं वहीत का लिहितात ते बघू. तू सात-आठ स्क्रीनचा सेटअप करून दिलास असं वाटतंय, कारण कंपनीत तसंच असतं. लीड, क्वालिफाईड, प्रपोजल, निगोशिएशन. आंब्याच्या धंद्यात असलं काही नसतं रे. तिथे विचारणा येते, ऑर्डर होते, पैसे येतात, पेटी निघते, पेटी पोचते, आणि मग कधीकधी फोन येतो की फळात साका (आतून खराब झालेला गर) निघाला. बस एवढ्या पायऱ्या. आणि त्यातली शेवटची, साक्याची तक्रार, हीच सगळ्यात मोलाची, कारण कापेपर्यंत साका बाहेरून कळत नाही, आणि कुठल्या बागेच्या, कुठल्या तोडणीच्या पेटीत जास्त निघाला आणि कुणाला बदली फळं दिली हे जर नीट लिहिलं गेलं तर काकांना स्वतःच्या बागेबद्दल कळेल आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी टिकेल. हे वहीत शोधता येत नाही. एकदा काकांना असं काही बघायला मिळालं ना की ते स्वतःहून विचारतील, हे कुठे भरायचं. तोपर्यंत त्यांच्यासाठी ते तुझंच सॉफ्टवेअर आहे, "तूच काय ता बघ" चा अर्थ तोच.

तर पॅकिंग चालतं त्या शेडमध्ये एक पूर्ण दिवस नुसता बस. आढीतून फळ कसं काढतात, चार डझनी आणि सहा डझनी वेगळं कोण करतं, पत्ता कोण लिहितं, ट्रान्सपोर्टवाल्याला चिठ्ठी कोण देतं. वही माग आणि तिचे रकाने बघ, कारण त्या वहीत जे रकाने आहेत तेवढेच खरे लागतात, बाकीचे तू पुण्याहून आणलेस. फील्ड सहा-सातच्या वर नकोत. मँडेटरी तर एकच, फोन नंबर. जास्त मँडेटरी केलंस की माणसं पुढे जायला नुसता टिंब टाकतात नाहीतर दहा वेळा नऊ असा नंबर, आणि मग तो कचरा साफ करायला तूच रात्री बसतोस.

फोन नंबर का, तर आपल्याकडे एका वाडीत अर्धी घरं एकाच आडनावाची असतात आणि मुंबईच्या गिऱ्हाईकांतही तेच चाकरमानी, नावावरून माणूस ओळखता येत नाही. त्यात एक जण नाव मराठीत टाईप करतो, दुसरा इंग्रजी अक्षरात, सॉफ्टवेअरला ते दोन माणसं वाटतात. म्हणून लिपी एकच ठरव, कुठलीही चालेल पण एकच, आणि डुप्लिकेट नंबरवरून पकड. नंबरही आधी सारखे करून घे, कुठे प्लस ९१, कुठे पुढे शून्य, कुठे मधे जागा. एक्सेलमधून आणताना तो कॉलम टेक्स्ट कर, नाहीतर पुढचे शून्य आणि प्लस उडतात आणि लांब आकडे भलत्याच रूपात दिसतात. आणि सगळी यादी एकदम इम्पोर्ट करू नकोस, आधी दहाच ओळी आत टाक, बघ कुठला कॉलम कुठे गेला, मग बाकीच्या, आणि त्याही आधी जुन्या डेटाची एक कॉपी बाजूला. तू सेल्सफोर्सवाला, तुला हे येतंच, पण एकट्याने घाईत काम करताना हीच पायरी पहिली सुटते.

वहीचा राग धरू नकोस. एक अख्खा हंगाम वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू देत, दिवसभर शेडमध्ये वहीतच लिहू देत कारण तिथे हात चिकाचे असतात आणि नेटवर्कचा भरवसा नसतो, आणि संध्याकाळी घरातल्या एकाने ते फोनवर भरायचं. ते "एकाने" मात्र नाव घेऊन ठरव. सगळ्यांनी भरायचं असं ठरलं की कुणीच भरत नाही. आणि काकांना सॉफ्टवेअर कशाला हे पटवायचं असेल तर चिपळूण आठवून दे. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा दुकानांतल्या वह्याही भिजल्या आणि कॉम्प्युटरही. म्हणून महिन्यातून एकदा सगळा डेटा एक्सपोर्ट करून त्यांच्या स्वतःच्या ड्राईव्हवर ठेवायला शिकव, नुसत्या ऑफिसातल्या पेन ड्राईव्हवर नको.

वेळेचं एक. हंगामात नवीन काही चालू करायचं नाही, हे दगडावर कोरून ठेव. बागायतदाराचं काम जून ते सप्टेंबर, माणसं शिकवायची ती जानेवारीत, आणि फेब्रुवारीत मागच्या वर्षीच्या गिऱ्हाईकांना पहिला मेसेज. होमस्टेवाले पावसात मोकळे असतात, समुद्रातली ॲक्टिव्हिटी बंद असते, तेव्हा त्यांना धर. दिवाळी, नाताळ आणि मे यांच्या तोंडावर तिथे फिरकूही नकोस. काजूवाल्यांची कच्ची बी साधारण मार्च ते मे मध्ये येते, तेव्हा त्यांचा जीव खरेदीत अडकलेला असतो. आणि गणपतीत काहीच ठरवू नकोस, कुणासाठीच.

पैशाचं आता. तू ४०,००० सांगितलेस ते कशावरून? मला वाटतं काकांचं तोंड बघून. असं कर, महिन्याला घरात किती लागतात ते लिही, समज ४५,०००, त्यात लॅपटॉप, नेट, विमा, पेट्रोल, टॅक्स असे १५,००० धर, झाले ६०,०००. महिन्यात कामाचे दिवस चोवीस, पण त्यातले निम्मे गिऱ्हाईक शोधण्यात, प्रवासात, बिलं करण्यात आणि नवीन शिकण्यात जातात, म्हणजे विकता येणारे दिवस बारा. दिवसाला ५,००० पडले. म्हणजे ४०,००० हे आठ दिवसांचं काम आहे, अडीच महिन्यांचं नाही. हा हिशोब गिऱ्हाईकाला दाखवायचा नाही, स्वतःला माहीत पाहिजे. आकडे तुझे तू घाल.

गिऱ्हाईकाला ठरावीक रकमेतच काम सांग, तासावर नको, इथे तासाचा हिशोब कुणाला पटत नाही आणि दर वेळी वाद होतो. पण एक पानाचा कागद पाहिजे, मराठीत. काय करून देणार, काय नाही देणार, किती दिवसांत, काकांकडून काय पाहिजे (यादी, माणूस, वेळ), आणि पैसे तीन हप्त्यांत, सुरू करायच्या आधी, चाचणी झाली की, आणि काम पूर्ण झालं की. शेवटचा हप्ता छोटा ठेव, तो अडकला तरी झोप उडायला नको. सुपर ॲडमिन पहिल्या दिवसापासून त्यांचाच, तो हप्त्याला बांधायचा नाही. त्यानंतरचे बदल महिन्याच्या ठरावीक रकमेत, समज महिन्याला चार तास, आणि बदल एकाच दिवशी एकत्र करायचे. रात्री दहाचा मेसेज आला तर सकाळी उत्तर दे, "लिहून घेतलं, शनिवारी करतो." खातं उघडतच नाही किंवा पेट्यांची ऑर्डर दिसत नाही हे अर्जंट, बटणाचा रंग अर्जंट नाही, हा फरकसुद्धा त्या कागदावर लिही.

थोडं कागदपत्रांचं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) करून घे, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस, आणि काम सुरू व्हायच्या आधी झालेली असावी. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी ठरलं नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही चक्रवाढ. मुंबई-पुण्याच्या कंपनीने बिल दाबून ठेवलं तर हे बिनधास्त वापर. देवगडच्या काकांवर वापरू नकोस, तिथे समोर बसून बोलणं जास्त कामाचं. सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही, कुणी कितीही "जीएसटीचं बिल दे" म्हटलं तरी. मोठं गिऱ्हाईक टीडीएस कापेल, तो घाबरायचा विषय नाही, फक्त तुझ्या पॅनवर जमा झालेला दिसतोय का ते बघत जा. कुडाळात एक चांगला सीए धर आणि बाकी त्याला विचार.

कमिशन. घेणं वाईट नाही, पार्टनर प्रोग्रॅम बऱ्याच कंपन्यांचे असतात आणि ते उघड असतात. पण गिऱ्हाईकाला माहीत असलं पाहिजे, लेखी. "हा प्लॅन घेतलात तर मला इतके मिळतात" असं लिहून देता येत असेल तर घे, देताना हात अडखळत असेल तर उत्तर तुझं तुला मिळालं. त्याहून मोठा प्रश्न, कारखान्याला मोठा प्लॅन लागतो का? वेंगुर्ल्याच्या त्या कारखान्याचे नेहमीचे व्यापारी किती, पन्नास-साठ? माल गेला किती, पैसे आले किती हे त्यांच्या टॅलीत आधीच असेल. त्यांना कदाचित फक्त कुणाला कधी फोन करायचा याची आठवण पाहिजे, ती छोट्या प्लॅनमध्ये होते. तारकर्लीवाल्यांना तर मी म्हणेन व्हॉट्सॲप बिझनेसची लेबलं, कॅटलॉग, ठरलेली उत्तरं आणि एक शेअर केलेली शीट एवढ्यावर एक सीझन काढा. ब्रॉडकास्टचं मात्र आधीच सांग, एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने यांचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. "तुम्हाला सॉफ्टवेअर नको" हा सल्लाच आहे आणि त्याचेही पैसे घ्यायचे, आधी ठरवून.

अजून एक, जे तू विचारलं नाहीस. तुझ्याकडे देवगडची यादी आहे, मुंबई-पुण्याची पैसे खर्च करणारी घरं, आणि तारकर्लीला नेमकी तीच माणसं हवी आहेत. उद्या होमस्टेवाले प्रेमाने म्हणतील, ती आंब्याची यादी दे ना, आपलीच माणसं. द्यायची नाही. काकांनी "हो" म्हटलं तरी नाही, कारण ते फोन नंबर काकांचेही नाहीत, त्या गिऱ्हाईकांनी ते आंब्यासाठी दिलेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची आणि संमती लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी न मागितलेले मेसेज आले की लोक नंबर ब्लॉक करतात आणि मग व्हॉट्सॲपच नंबर बंद करू शकतं. होमस्टेवाले पाहुण्यांच्या आधारचे फोटो घेतात ते सीआरएममध्ये सगळ्यांना दिसतील असे जोडले असतील तर काढून टाक, ते कुणी एकाने बघायचे आणि काम झालं की पुसायचे.

पुण्याला परत जायचं का हे आज ठरवू नकोस. तीन गिऱ्हाईकांवर कुणाचंच घर चालत नाही, आणि इथली तिन्ही हंगामावर चालतात, म्हणून तुझं सेल्सफोर्सचं काम पूर्ण सोडू नकोस. इम्प्लिमेंटेशन करणाऱ्या कंपन्यांकडून घरून करता येईल असं महिन्याला आठ-दहा दिवसांचं काम मिळतंय का बघ, जुन्या सहकाऱ्यांना विचार, फक्त करारात त्यांच्या गिऱ्हाईकांबद्दल आणि स्वतःच्या वेगळ्या कामाबद्दल काय बंधनं घातलीत ते सही करायच्या आधी वाच. त्या पैशावर घर चालू दे आणि इथली कामं घाईने, पडेल त्या भावात घ्यायची वेळ येऊ देऊ नकोस. एक वर्षाने परत लिही मला, तेव्हा आकडे हातात असतील.

आणि देवगडला खातं नावावर करून दिलंस की त्याच संध्याकाळी हा मेसेज पाठव, हवं तर तुझ्या भाषेत बदल, पण पैशाची ओळ गाळू नकोस:

"काका नमस्कार. आजपासून सॉफ्टवेअरचं खातं पूर्णपणे तुमच्या नावावर आहे, पासवर्ड आणि कोड फक्त तुमच्याकडे आहेत. कागदावर लिहिलेली सगळी माहिती कपाटात ठेवली आहे, ती कुणाला फोटो काढून पाठवू नका. ठरलेल्या ४०,००० पैकी २०,००० बाकी आहेत, बिल सोबत जोडलंय, या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत द्यावेत ही विनंती, एकदम जमत नसतील तर दोन हप्ते करू, तारखा सांगा. ठरलेल्या कामाव्यतिरिक्त जे बदल करून दिले त्यांची यादीही पाठवतोय, त्याचे पैसे लावलेले नाहीत. यापुढच्या बदलांसाठी महिन्याची रक्कम आणि शनिवारचा दिवस ठरवू या, पुढच्या आठवड्यात मी शेडवर येतो, दिवसभर बसतो, पेट्यांचं काम कसं चालतं ते मला नीट बघायचंय."